माणसं थोडी, म्हणून धोका थोडा?

पावसाळा जवळ आला की कारवार जिल्ह्यात आपत्तीची चर्चा सुरू होते. अंकोल्यातले डोंगर, कद्र्याखालची गावं, होन्नावर-भटकळचा किनारा, सगळ्यांची नावं घेतली जातात. जोयड्याचं नाव निघालंच तर एका वाक्यात मिटवलं जातं: ‘तिकडे काय होणार? जंगल आहे, माणसं थोडी.’ हे वाक्य मी सरकारी माणसांकडून ऐकलं आहे, शनिवार-रविवारी होमस्टेला येणाऱ्या बेळगाव-हुबळीच्या पाहुण्यांकडून ऐकलं आहे, आणि रामनगर-जगलबेटच्या बाजारात आमच्याच लोकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. दर वेळी संताप येतो. कारण हे नुसतं बोलणं राहत नाही. साकव कुठे बांधायचा, रुग्णवाहिका कुठे ठेवायची, पर्जन्यमापक कुठे बसवायचा, हे सगळं याच वाक्यावरून ठरतं.

या मताची पूर्ण मांडणी अशी आहे. जोयडा तालुका सुमारे १९०० चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ५२ हजार. दाट जंगलानं माती धरून ठेवलेली आहे. काळी नदीवरच्या धरणांनी पूर बांधलेला आहे. इथला कुणबी पिढ्यान्‌पिढ्या या पावसात राहतो, त्याला त्याची सवय आहे. आता मोबाइलवर इशारेही येतात. मोठी जीवितहानी झाल्याची नोंद नाही. तेव्हा हाताशी असलेला पैसा जिथे माणसं जास्त तिथे खर्च व्हावा, आणि आतल्या वाड्यांना धोका वाटत असेल तर त्यांनी भरपाई घेऊन जंगलाबाहेर यावं. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. बैठकीत कुणी असं बोललं तर माना डोलतात. पण यातली जी विधानं आकड्यांची नाहीत, त्यांतलं एकही तपासणीला पुरतं टिकत नाही, आणि आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष तर सगळ्यात चुकीचा आहे.

मेलेली माणसं मोजून धोका ठरवायचा, तर २९ जुलै २०१४ पर्यंत पुणे जिल्ह्यातलं माळीण सुरक्षित होतं. ३० जुलैच्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं कसं? नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. हे सरकारनंच विधानसभेत सांगितलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली; २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, म्हणून यंत्रं वर नेता आली नाहीत. मदतीला चढून जाणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच हृदयविकारानं गेला. आता मला सांगा, डिग्गीकडे, बाजारकुणंगकडे, कॅसलरॉकच्या घाटमाथ्यावर अशा किती वाड्या आहेत, जिथे पावसाळ्यात शेवटची वाट पायांनीच तुडवावी लागते? माळीणला निदान एसटी तरी जात होती. आमची एखादी वाडी रात्रीत गेली, तर दुसऱ्या दिवशी ती दिसत नाही म्हणून फोन करणारा कोण आहे, आणि फोन लागणार कुठून?

जोखीम मोजण्याची रीत जगात ठरलेली आहे. कोणता घाला येऊ शकतो, त्याच्या वाटेत कोण आहे, त्यांची घरं आणि प्रकृती किती कच्ची, आणि बाहेरची मदत पोहोचेपर्यंत त्यांना किती वेळ एकट्यानं काढावा लागेल. बेटांवरच्या देशांनी यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला शिकून घेतलं, कारण वादळ आलं की बोट येत नाही आणि विमान उतरत नाही. मॉरिशसचं उदाहरण घेतो, कारण ते मराठी वाचकाला परकं नाही. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी घरांचे वंशज तिथे अजून गणपती बसवतात. तिथल्या मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आमच्या तालुक्याएवढंच. फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस कॅरोल नावाच्या चक्रीवादळानं ते बेट झोडपून काढलं. त्यानंतर तिथे घरबांधणी बदलली; पत्रा आणि लाकडाच्या जागी काँक्रीट आलं. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग ठरले. पहिला वर्ग ताशी १२० किलोमीटरचे झोत यायच्या ३६ ते ४८ तास आधी लागतो, आणि तिसरा लागेपर्यंत कुणी काय करायचं हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कुणाच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही.

पण मॉरिशसची खरी शिकवण पुढेच आहे. वाऱ्यासाठी इतक्या तयार असलेल्या त्या देशाला ३० मार्च २०१३ ला पावसानं गाठलं. राजधानी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत सुमारे १५२ मिलीमीटर पाऊस पडला आणि ११ माणसं बुडून मेली. आधीच्या मृत्यूंवरून धोका ठरवला होता, म्हणून सगळी तयारी वादळाची होती. त्याच वर्षी त्यांनी आपत्ती जोखमीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभारलं आणि २०१६ मध्ये कायदा केला. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुई पुन्हा पाण्याखाली गेलं, तेव्हा इशाऱ्यातल्या गफलतीबद्दल हवामान खात्याच्या संचालकांना पद सोडावं लागलं. इशारा चुकला तर कुणीतरी जबाबदार असतो, हे तिथे गृहीत आहे. आमच्याकडे इशारा चुकला तर कोण जबाबदार, हे कुणी मला सांगू शकेल काय?

‘जोयडा काय बेट आहे?’ असं कुणी विचारेल. जुलै २०२१ आठवा. २२-२३ जुलैच्या पावसात यल्लापूर-अंकोला मार्गावरचा आरबैल घाट खचला. अणशी घाटात दरड आल्यानं कारवारची थेट वाट तुटली. २३ जुलैला दूधसागर-सोनावळीदरम्यान दरडीमुळे मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी रुळांवरून उतरली, आणि रेल्वेही थांबली. जिल्ह्याचं मुख्यालय कारवारला. आपत्तीचा नियंत्रण कक्ष तिथे, बोटी तिथे, मोठं सरकारी रुग्णालय तिथे. धडधाकट रस्त्यानंही जोयड्याहून तिथे पोहोचायला घाट उतरून ऐंशी-नव्वद किलोमीटर जावं लागतं. आणि ज्या दिवशी गरज पडते, नेमक्या त्याच दिवशी दोन्ही घाट बंद. गोव्याकडून मदत येईल म्हणावं, तर २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात दूधसागर देवळाजवळ रस्त्याची कड खचून अवजड वाहतूक थांबवावी लागली. समुद्र नसला तरी माणूस अडकतो तो असाच. आणि ही झाली तालुक्याची गोष्ट. तालुक्याच्या आत नाल्यांना पाणी आलं की प्रत्येक वाडी वेगळी तुटते. तालुक्याची एक जोखीम, असं काही नसतंच. प्रत्येक वाडीची वेगळी असते, आणि ती वाडीत जाऊनच मोजावी लागते.

जंगल माती धरून ठेवतं, हे मी नाकारत नाही. जंगल नसतं तर आज आहे त्याच्या कितीतरी पट दरडी कोसळल्या असत्या. पण म्हणून दरड येणारच नाही असं म्हणणाऱ्यानं आमची जमीन खोदून बघावी. वर जांभा, तो पाणी भराभर पितो. खाली पांढुरकी-गुलाबी शेडी माती; ती भिजली की साबणासारखी होते. झाडांची मुळं वरचा थर बांधतात, घसरण होते ती त्याखालच्या शेडीत, आणि मग झाडांसकट सगळा उतार खाली येतो. डोंगरापलीकडे यल्लापूर तालुक्यातलं कळचे गाव बागायती आणि जंगलाचंच होतं. जुलै २०२१ मध्ये ते जागोजाग फाटलं. घरं, सुपारीच्या बागा, रस्ते गेले. कारवारजवळ कडवाडच्या झरीवाड्यात ऑक्टोबर २००९ मध्ये १९ माणसं दरडीखाली गेली, म्हणजे पावसाळा संपला असं आपण धरतो त्या महिन्यात. आणि जंगल तरी अखंड कुठे राहिलं आहे? बेळगाव-पणजी महामार्गाच्या रुंदीकरणासाठी कापलेले उतार, रेल्वेच्या दुसऱ्या मार्गासाठी फोडलेला डोंगर, होमस्टेसाठी जेसीबीनं काढलेल्या सपाट्या. १६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यातल्या शिरूरला डोंगर रस्त्यावर आला, तो महामार्गासाठी पायथा कापलेला डोंगर होता. चहाच्या टपरीवरची माणसं आणि ट्रकवाले गेले. एका ट्रकचालकाचा मृतदेह गंगावळीतून मिळायला सप्टेंबर उजाडला. त्यांतले कितीतरी त्या गावच्या जनगणनेत नव्हते. अनमोड घाटात रात्री रांगेत उभे असलेले ट्रकवाले, रुळांवर गस्त घालणारे गँगमन, गणेशगुडीला राफ्टिंगसाठी आलेली कॉलेजची पोरं, यांना तुम्ही ५२ हजारांत धरलं आहे का?

सगळ्यांत जास्त मला खुपतो तो सवयीचा युक्तिवाद. ‘कुणबी माणूस काटक, तो कुणाच्या मदतीची वाट पाहत नाही.’ कौतुकानं बोललेलं हे वाक्य माणसाला वाऱ्यावर सोडण्याचं सगळ्यांत सभ्य निमित्त आहे. होय, कुणबी घर मृगाच्या आधी बेगमी करतं. भात, कुळीथ, सोलं, सुकी मासळी, माळ्यावर लाकूडफाटा, परसात कंद. जोयड्याच्या कंदांचा मेळा भरतो तेव्हा शहरातली माणसं इतक्या जातींचे कंद बघून थक्क होतात, आणि त्यांनी व्हावंच. या ज्ञानामुळे पावसाळ्यात इथे उपाशी कुणी मरत नाही. पण फुरसं चावलं तर कोणता कंद लावायचा? बाळ आडवं आलं तर? छातीत कळ आली तर? तेव्हा कांबळ्याची झोळी करून, बांबूला बांधून, चार जण आळीपाळीनं खांदा देत नाल्यापर्यंत येतात. नाल्याला पाणी असेल तर तिथेच थांबतात. हे धैर्य आहेच. पण त्या धैर्याच्या जिवावर आरोग्य खात्यानं निश्चिंत राहावं, असं ठरवलं कुणी?

‘मोठी जीवितहानी नाही’ या नोंदीचं उत्तरही इथेच आहे. झोळीत वाटेवर गेलेला माणूस कागदावर सर्पदंशानं मेलेला असतो. बाळंतीण माता-मृत्यूच्या रकान्यात जाते. शाळेतून परतताना वाहून गेलेलं पोर अपघाती बुडून. अतिवृष्टीनं वाट तुटली नसती तर यांतले बरेच वाचले असते, पण आपत्तीच्या तक्त्यात यांपैकी एकही येत नाही. मग तक्ता कोरा दिसतो, आणि कोऱ्या तक्त्याकडे बोट दाखवून पुढच्या वर्षीही काही करायचं नाही असं ठरतं. सर्पदंशाच्या बाबतीत तरी आता सबब उरलेली नाही: २०२४ मध्ये कर्नाटकानं सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवला. म्हणजे मोजणी शक्य आहे. त्या नोंदीत एक रकाना वाढवा: रुग्णाला दवाखान्यात पोहोचायला किती तास लागले, आणि वाट कुठे अडली. एका पावसाळ्यात तालुक्याचा खरा नकाशा हाती येईल.

आणि उपाय काही आकाशातून आणायचे नाहीत. महाराष्ट्रात मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आलेली बाई आधीच तिथे येऊन राहते, सोबत घरचं माणूस. आमच्याकडे बरीच घरं हेच स्वतःच्या खर्चानं करतात: पावसाआधी गरोदर सुनेला रस्त्याकाठच्या नातलगाकडे नेऊन ठेवतात. ज्यांना तसा नातलग नाही, त्यांनी काय करावं? लोकांनी शोधलेली वाट सरकारनं पक्की करायची, एवढंच काम आहे.

मोबाइलच्या इशाऱ्यांबद्दल मी फार शब्द खर्च करणार नाही. हवामान खात्याचा रंग जिल्ह्याला लागतो, आणि आमचा जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरचा: एका कडेला समुद्र, मधे घाट, दुसऱ्या टोकाला मुंडगोडचं पठार. कॅसलरॉकला वर्षाला सरासरी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. सगळ्यांना एकच लाल रंग. शाळांना सुट्टी जाहीर होते, आणि तयारी झाली असं सगळे समजतात. आतल्या वाड्यांत तो संदेश पोहोचत नाही, कारण टॉवर नाही किंवा वीज गेली की टॉवर बंद. पोहोचलाच तर तो कन्नड किंवा इंग्रजीत असतो, आणि इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात बोलली जाते ती कोकणी नाहीतर मराठी. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्के असली तरी महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. जीव वाचवणारी सूचना महत्त्वाची धरायची नसेल तर कोणती धरायची? हा सीमाप्रश्नाचा वाद नाही. भिंत पडायच्या आत म्हातारीला समजलं पाहिजे, एवढीच मागणी आहे.

मुळात इशारा आणि हालचाल यांच्यामधे एक माणूस लागतो, ज्याला ‘आता उठा’ म्हणायचा अधिकार आहे. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेनं गावागावांत पर्जन्यमापकं बसवून लोकांकडूनच नोंदी घेण्याची व्यवस्था उभी केली होती. २९ जुलै २०२४ ला, म्हणजे दरड कोसळण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी त्या नोंदींवरून प्रशासनाला सावध केलं. तरी ३० जुलैच्या पहाटे मुंडक्कई-चूरलमलाची माणसं घरातच होती, आणि अडीचशेहून अधिक गेली. मोजणी बरोबर होती. मोजणीला जोडून कृती ठरलेली नव्हती. आमच्याकडे तर पंचायतीतल्या स्वयंचलित पर्जन्यमापकाचा आकडा बंगळूरला जातो, आणि इथल्या पंचायती इतक्या पसरलेल्या की एका टोकाचा पाऊस दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही. वाडीच्या शाळेत एक साधं पर्जन्यमापक ठेवा. दिवसभरात अमुक मिलीमीटर झाला की कड्याखालची चार घरं शाळेत येऊन झोपतील, हे ग्रामसभेत आधीच ठरवा. रात्री दहा वाजता तहसीलदारांच्या परवानगीची वाट बघायला लावू नका.

धरणांचं बोलायचं तर सुपा धरणाची उंची १०१ मीटर आणि साठा सुमारे १४७ टीएमसी. कोयनेच्या शिवसागरापेक्षा मोठा. या पाण्याखाली जुनं सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं, आणि कितीतरी घरं रामनगरला उठून गेली. एवढं मोठं धरण वरचा पूर पोटात घेतं, मान्य. पण सुप्याखालच्या खोऱ्यातला पाऊस कोण अडवतो? ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कद्रा धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालची गावं पाण्यात गेली, तेव्हा वर सुपा होताच. त्याच कद्र्याच्या काठी कैगा अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्याभोवती आणीबाणीच्या नियोजनाचा १६ किलोमीटर त्रिज्येचा परीघ आखलेला असतो, आणि त्या परिघातून वर निघण्याची एक वाट अणशी घाटातून जाते. दरडीनं जो घाट बंद पडतो तोच. दोन संकटं एका दिवशी येणार नाहीत, असं लिहून कुणी दिलं आहे? धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार प्रत्येक मोठ्या धरणाच्या मालकानं आणीबाणीचा कृती आराखडा करायचा आहे. जुन्या धरणांसाठी पाच वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. धरण फुटलं किंवा अचानक पाणी सोडलं तर ते किती वेळात कुठपर्यंत चढेल, हे गणेशगुडीच्या, दांडेलीच्या, कद्र्याच्या माणसाला माहीत हवं. तो नकाशा अभियंत्याच्या कपाटात ठेवून कुणाचा जीव वाचणार आहे?

उरला पैसा आणि जंगलाबाहेर येण्याचा सल्ला. इथल्या वाघ प्रकल्पातून स्वेच्छेनं उठणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये मिळतात. ज्याला जायचं आहे त्यानं जावं. तो त्याचा हक्क आहे. पण जाईपर्यंत त्याच्या वाडीला साकव द्यायचा नाही, वीज द्यायची नाही, दवाखाना द्यायचा नाही, आणि मग कंटाळून तो उठला की ‘स्वेच्छा’ म्हणायचं, याला मी जबरदस्ती म्हणतो. जंगलाचे कायदे आड येतात ही सबबही खोटी आहे. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये रस्ता, दवाखाना, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, शाळा, समाजमंदिर धरून तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जागा ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. वन संवर्धन कायद्याची मंजुरी त्यासाठी लागत नाही. किती प्रस्ताव गेले, किती अडले, कुणी अडवले, हे तालुक्यात जाहीर करा. आणि खर्चाचं गणित मांडणाऱ्यांनी पुरतं मांडावं. आपत्तीत माणूस मेला की निकषांप्रमाणे चार लाख देण्याची सरकारची तयारी आहे. तो जिवंत असताना त्याच्या नाल्यावर लोखंडी साकव टाकायचा म्हटलं की लाभार्थी किती, हा प्रश्न येतो. सतरा घरांचा जीव सतराशे घरांपेक्षा स्वस्त असतो, असं कोणत्या कायद्यात लिहिलं आहे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ३१ जिल्ह्याच्या आराखड्यात धोक्याच्या जागा नोंदवायला सांगतं. तिथे लोकसंख्येची किमान अट नाही. म्हणून जोयड्याची मोजणी याच पावसाळ्याआधी, वाडीवार झाली पाहिजे, आणि ती वाडीतल्या माणसांना सोबत घेऊन झाली पाहिजे, कारण कोणता ओहळ किती पावसावर चढतो आणि कोणत्या उताराला मागच्या वर्षी भेग पडली हे त्यांनाच माहीत आहे. कड्याखालचं प्रत्येक घर, घरातली गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, नाल्यावर साकव आहे की नाही, जवळचं सर्पदंशाचं औषध कुठे आणि किती तासांवर, अणशी आणि अनमोड दोन्ही बंद असतील तर रुग्ण कुठून न्यायचा: हे सगळं नावानिशी, कन्नडात, मराठीत आणि कोकणीत, पंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर लागलं पाहिजे. कुंबारवाडा, अणशी, रामनगर, कॅसलरॉक इथे बिनतारी संच आणि पंधरा दिवस पुरेल एवढा औषधांचा साठा मे महिन्याच्या अखेरीस पोहोचलेला असला पाहिजे. मृग लागल्यावर नको. तेव्हा घाट बंद असू शकतो. ग्रामसभांनी हा ठराव एप्रिलमध्ये करावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर ती पोच घेऊन सगळ्या वाड्यांनी मिळून कारवार गाठावं, रस्ता अजून उघडा असेपर्यंत.